पॅशन फ्रूट : गुण किती, गाजावाजा किती?

प्रश्न : आम्ही मुळशी तालुक्यातल्या चांद्याला राहतो. सोसायटीच्या कुंपणावर कृष्णकमळाचा मोठा वेल आहे, फुलतो भरपूर पण फळ धरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, हाच पॅशन फ्रूटचा वेल, याच्या पानांचा काढा घेतला की झोप शांत लागते आणि साखर उतरते. माझे सासरे सत्तरीचे आहेत. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाचीही गोळी चालू आहे. त्यांच्या मोबाइलवर पॅशन फ्रूटच्या फायद्यांचे संदेश सतत येतात. हौसेने बाजारातून चार फळं आणली, तर प्रत्येकात जेमतेम चमचाभर गर निघाला, तोही बियांनी भरलेला. हे फळ खरंच इतकं गुणाचं आहे का? आणि काढा द्यावा का?
— एक वाचक, चांदे (ता. मुळशी)

उत्तर : काढा देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

कृष्णकमळ आणि पॅशन फ्रूट एकाच कुळातले, इतपत काकूंचं म्हणणं बरोबर आहे. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला पॅसिफ्लोरा म्हणतात आणि तिच्यात पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतली पॅसिफ्लोरा एड्युलिस ही जात आपण फळासाठी लावतो. आपल्याकडे कुंपणांवर आणि गच्च्यांवर दिसणारे निळे-जांभळे वेल बहुतेक करून शोभेच्या जातींचे किंवा त्यांच्या संकरांचे असतात. फुलांची ठेवण सगळ्यांची सारखीच: बाहेर तंतूंचं कडं, ते शंभर कौरव, मध्ये पाच पुंकेसर, ते पांडव, आणि सर्वांत वर तीन टोकं, ते ब्रह्मा-विष्णू-महेश. त्यामुळे नुसतं फूल पाहून लोक फसतात. ओळखायचं ते पानावरून. फळाच्या जातीचं पान चकचकीत, तीन बोटांचं आणि कडेला बारीक दातेरी असतं. निळ्या कृष्णकमळाचं पान बहुधा पाच बोटांचं, कडा सरळ. फळाच्या जातीचं फूल पांढरं असतं आणि त्याच्या कुरळ्या तंतूंचा फक्त बुडाकडचा भाग जांभळा असतो. तुमच्या वेलाचं फूल सगळंच निळं-जांभळं असेल आणि तो फळ धरत नसेल, तर तो शोभेचाच समजा.

पण समजा वेल फळाचा निघाला, तरीही काढा नकोच. या कुळातल्या अनेक जातींच्या पानांत आणि कच्च्या फळांत असे घटक असतात, जे चुरडले किंवा चावले गेले की त्यांतून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. पिकलेल्या गरात हे प्रमाण अगदी कमी होतं, म्हणून पिकलेलं फळ जगभर निर्धास्त खातात. पानांना ती सूट नाही. कोणत्या जातीच्या पानात हे घटक किती, हे स्वयंपाकघरात मोजता येत नाही. सत्तरीच्या, औषधं चालू असलेल्या माणसावर हा प्रयोग करण्यात काहीच शहाणपणा नाही.

झोपेची गोष्ट आली कुठून, तेही सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व भागात पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा नावाची वेगळी जात उगवते. तिच्या वाळवलेल्या पाला-फुलांपासून केलेली औषधं अस्वस्थपणा आणि निद्रानाश यांसाठी युरोपात फार पूर्वीपासून वापरात आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्यांना मान्यता दिली आहे ती दीर्घ वापराच्या परंपरेवर; मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार त्यामागे नाही. या औषधांनी गुंगी येते, झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर ती आणखी वाढते. म्हणजे जात वेगळी, वनस्पतीचा भाग वेगळा, आणि मात्राही ठरवलेली. तिथला गुण उचलून चांद्याच्या कुंपणावरच्या वेलाला चिकटवता येत नाही.

आता फळाकडे वळू. त्याच्याबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे.

पॅशन फ्रूट मूळचं दक्षिण अमेरिकेतलं: दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना. भारतात ते निलगिरी, कोडगू, वायनाड या डोंगराळ पट्ट्यांत रुजलं, नंतर मणिपूर, नागालँड, मिझोराममध्ये त्याच्या मोठ्या लागवडी झाल्या. आपल्याकडे काही जण त्याला कृष्णफळही म्हणतात. जांभळं आणि पिवळं असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

बिया धरून शंभर ग्रॅम जांभळ्या गरात सुमारे ९७ कॅलरी, १०.४ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर, ११ ग्रॅम साखर, ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ३४८ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. थोडं लोह, थोडं मॅग्नेशियम आणि गराला केशरी रंग देणारी कॅरोटिन गटातली द्रव्यंही असतात. यांतला खरा डोळ्यांत भरणारा आकडा तंतूंचा आहे. सफरचंदात किंवा केळ्यात शंभर ग्रॅममागे अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात, इथे त्याच्या चौपट. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मैद्याची बिस्किटं, पाव, पॉलिश केलेला तांदूळ यांवर दिवस काढणाऱ्या शहरी घरांत तेवढे जात नाहीत. तंतूंनी पोट साफ राहतं, जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही, कोलेस्टेरॉल थोडं खाली यायला मदत होते, आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना खाद्य मिळतं. पॅशन फ्रूटचा नि:संशय सांगता येण्यासारखा फायदा हाच. एवढा एकच असता तरी मी या फळाला चांगलं म्हटलं असतं.

मात्र हे आकडे शंभर ग्रॅम गराचे आहेत, आणि तुम्ही म्हणता तसा एका फळात गर निघतो चमचाभर. मध्यम आकाराच्या जांभळ्या फळात तो १८ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या चार फळांचा मिळून गर झाला ७२ ग्रॅम. त्यात तंतू साडेसात ग्रॅम, ही चांगली कमाई. पण क जीवनसत्त्व २२ मिलिग्रॅमच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम लागतं आणि स्त्रीला ६५. तेव्हा 'क जीवनसत्त्वाचा खजिना' वगैरे जे संदेशांत येतं, ते या फळाला शोभत नाही. तो मान पेरूचा आणि आवळ्याचा. दोघांतही शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. एका मध्यम पेरूत तुमच्या चार पॅशन फ्रूटपेक्षा ते कितीतरी पट जास्त मिळतं, तंतूही भरपूर मिळतात, आणि तो हातगाडीवर मिळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पॅशन फ्रूट आवडत असेल, परवडत असेल, तर जरूर खा. त्याचा वास आणि आंबट-गोड चव दुसऱ्या कुठल्या फळाला नाही. पण तब्येतीसाठी म्हणून पदरमोड करून आणत असाल, तर ते पैसे पेरू, आवळा, पपई, संत्रं यांवर घाला. मुळशीत तर उन्हाळ्याच्या अखेरीस ताम्हिणीच्या रस्त्यावर करवंदं आणि जांभळं घेऊन बायका बसलेल्या असतात. ती फळं ताजी असतात, डोंगरातून थेट आलेली असतात, आणि त्यांचे पैसे त्याच गावांतल्या घरांत जातात. परदेशी नाव लागलं की फळाचे गुण वाढतात, या समजुतीने आपण आपल्याच डोंगरातल्या फळांवर अन्याय करतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मग 'पॅशन फ्रूटने मधुमेह जातो, दमा जातो, रक्तदाब उतरतो' हे सगळं खोटं का? त्यात संशोधनाचे दाखले दिलेले असतात.

उत्तर : दाखले बहुधा खरे असतात. त्यांतून काढलेला निष्कर्ष खरा नसतो.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. पॅशन फ्रूटच्या बियांत पिसिअ‍ॅटॅनॉल नावाचं एक द्रव्य असतं. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी ३९ जणांवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली. हे द्रव्य रोज २० मिलिग्रॅम, असं आठ आठवडे दिलं. वजन जास्त असलेल्या पुरुषांत इन्सुलिनचं काम थोडं सुधारलं, रक्तदाब आणि नाडीचे ठोके थोडे कमी झाले. वजन जास्त असलेल्या स्त्रियांत आणि नेमक्या वजनाच्या स्त्री-पुरुषांत तसा फरक दिसला नाही. चाचणी छोटी होती आणि दिलं ते काढलेलं द्रव्य होतं, फळ नव्हे. वैज्ञानिकाच्या दृष्टीने हा पुढे शोध घेण्याजोगा धागा आहे. पण मोबाइलवर येईपर्यंत त्याचं 'फळ खा, मधुमेह पळवा' झालेलं असतं.

दम्याचंही तसंच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या रुग्णांना जांभळ्या पॅशन फ्रूटच्या सालीचा अर्क चार आठवडे दिला आणि खोकला, धाप यांत उतार दिसला. सालीचा अर्क, प्रमाणित केलेला, ठरावीक मात्रेत. आपण साल फेकून गर खातो. आणि साल चावून हा गुण मिळवायला जाऊ नका, पानांबद्दल जो इशारा वर दिला तोच सालीलाही लागू आहे. कर्करोगाबद्दलचे दावे तर बहुतांशी काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगांतून आलेले असतात. त्यांच्या भरवशावर कुणी उपचार थांबवला, तर त्याचं न भरून येणारं नुकसान होईल.

पुढच्या वेळी असा संदेश आला की तीन गोष्टी विचारा: माणसांवर प्रयोग झाला का, किती माणसांवर, आणि त्यांना फळ दिलं की अर्क?

प्रश्न : मधुमेह आणि रक्तदाब असलेल्याने हे फळ खावं की नाही?

उत्तर : खावं. एका फळात साखर सुमारे दोन ग्रॅम आणि तिच्या जोडीला जवळजवळ तेवढेच तंतू. दिवसाला दोन-तीन फळं मधुमेही माणसाला जड जाणार नाहीत. गोळी मात्र चालूच ठेवायची. आणि फळाने खरंच काय होतं ते बघायचं असेल, तर खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजा. कुठल्याही संदेशापेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा.

रक्तदाबाच्या बाबतीत एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. पोटॅशियम रक्तदाबाला एरवी हितकर असतं. पण वर्षानुवर्षं मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या अनेकांची मूत्रपिंडं हळूहळू कमकुवत होतात आणि जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधंही रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतात, आणि ही औषधं आपल्याकडे घरोघरी चालू असतात. शंभर ग्रॅम गरात पोटॅशियम केळ्याइतकंच आहे. एका फळातून मिळतं ते साठ-पासष्ट मिलिग्रॅम, म्हणजे थोडंच. पण वाटीभर गराचा रस काढून रोज प्यायला लागलं तर हिशोब बदलतो. वयस्कर मधुमेही माणसाची क्रिअ‍ॅटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी वर्षभरात झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर हे फळ किती खायचं हे त्यांनाच विचारा.

आणखी एक सूचना. रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते, त्यांतल्या काहींना पॅशन फ्रूट, केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो ही फळंही सोसत नाहीत. अशांनी पहिल्यांदा अगदी थोडं खाऊन पाहावं. ओठ सुजले, घशात खाज आली, तर पुन्हा खाऊ नये, आणि श्वासाला त्रास झाला तर तातडीने दवाखाना गाठावा.

प्रश्न : बिया थुंकायच्या की गिळायच्या? आजी म्हणते, बिया पोटात गेल्या की अपेंडिक्स होतो.

उत्तर : चावून खायच्या. तंतूंचा मोठा वाटा त्या बियांतच आहे. गर गाळून घेतला तर या फळाचा मुख्य गुण गाळणीतच राहतो. चावल्या न गेलेल्या बिया जशाच्या तशा बाहेर पडतात, त्याने काही बिघडत नाही. अपेंडिक्सला सूज येते ती बहुतेक वेळा त्याचं तोंड घट्ट झालेल्या मळाने किंवा आतल्या ग्रंथी सुजल्याने बंद होतं म्हणून. फळाची बी कारण ठरल्याच्या घटना अतिशय विरळ आहेत. आजींना सांगा, पेरूच्या बिया इतकी वर्षं खाल्ल्या, तशाच या. अगदी लहान मुलांना मात्र ठसका लागू नये म्हणून बिया काढून द्या.

प्रश्न : पॅशन फ्रूटचा स्क्वॅश बाटलीत मिळतो. तो फळाइतकाच चांगला का?

उत्तर : नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे स्क्वॅशमध्ये फळांचा रस किमान २५ टक्के असावा लागतो आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ४० टक्के. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यत: साखर. पेलाभर सरबतासाठी ४० मिलिलिटर स्क्वॅश ओतला की १६ ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते, म्हणजे चार चहाचे चमचे. तंतू जवळजवळ शून्य. पाहुण्यांसाठी, सणावारी ठीक आहे. आरोग्यासाठी म्हणून रोज पिण्यात अर्थ नाही, आणि मधुमेही माणसाने तर तो टाळावाच.

त्यापेक्षा घरी दोन फळांचा गर बियांसकट पाण्यात ढवळा, चिमूटभर जिरेपूड आणि अगदी थोडा गूळ घाला. रक्तदाब असेल तर मीठ आणि काळं मीठ दोन्ही टाळा. काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी हा गर छान लागतो, दह्यातही चांगला मिसळतो. तो शिजवू मात्र नका, कारण उष्णतेने आधीच बेताचं असलेलं क जीवनसत्त्व आणखी कमी होतं.

फळ घेताना गुळगुळीत, देखणं फळ शोधण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. हातात जड लागणारं आणि सालीला थोड्या सुरकुत्या पडलेलं फळ गोड निघतं. गुळगुळीत फळ घरात तसंच उघड्यावर ठेवा, सुरकुत्या आल्या की मग फ्रीजमध्ये. हिरवं, कडक फळ फोडून खाऊ नका.

प्रश्न : पडीक रानात जाळीदार हिरव्या आवरणातलं बोराएवढं फळ असलेला कृष्णकमळासारखा रानवेल दिसतो. मुलं ती फळं खातात. चालेल का?

उत्तर : तो पॅसिफ्लोरा फीटिडा, याच कुळातला बाहेरून येऊन आपल्याकडे रानटी झालेला वेल. पान चुरडलं की उग्र वास येतो. त्याची पूर्ण पिकलेली पिवळी-नारिंगी फळं अनेक ठिकाणी खाल्ली जातात, पण कच्ची हिरवी फळं आणि पानं विषारी असतात. पिकलेलं कोणतं आणि कच्चं कोणतं हे लहान मुलांच्या नजरेवर सोडता येत नाही. मुलांना ती फळं खाऊ देऊ नका.

प्रश्न : फळाचा खरा वेल चांद्यात अंगणात लावता येईल का?

उत्तर : येईल. जांभळा प्रकार मुळात थंड, उंच डोंगरांचा. पिवळा सखल आणि उष्ण भागात बरा येतो. कोडगू जिल्ह्यातल्या चेट्टळ्ळीच्या केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने या दोन्हींचा संकर करून 'कावेरी' ही जात काढली. आपल्या हवेत पिवळा प्रकार किंवा असा संकर आधी करून बघावा.

मुळशीतल्या पावसात वेल मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने. बुंध्याशी पाणी साचलं की मुळं कुजतात. उंच वाफा करा, त्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, उतार काढून द्या. दोडक्या-पडवळाला घालतो तसा मांडव घाला, पण जरा भक्कम, कारण हा वेल पाच-सहा वर्षं राहतो. छाट कलमाचं रोप वर्षभराच्या आत-बाहेर फळाला येतं, आणि फूल लागल्यापासून साधारण अडीच महिन्यांत फळ पिकून आपणच खाली पडतं. पडलेलंच वेचायचं, तोडायचं नाही.

एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवा. जांभळ्या प्रकाराला स्वत:च्याच परागांनी फळ धरतं. पिवळ्याला दुसऱ्या रोपाचे पराग लागतात आणि त्याचे पराग जड, चिकट असल्याने वाऱ्याचा उपयोग होत नाही. ते काम लाकडात घरटं करणारा मोठा काळा भुंगा करतो. पिवळ्याची फुलं दुपारी उमलतात, तेव्हा भुंगे आले नाहीत तर मऊ कुंचल्याने एका वेलाचे पराग दुसऱ्या वेलाच्या फुलातल्या तीन टोकांना लावायचे. एकाच रोपाच्या छाटांपासून केलेले दोन वेल लावले तर फळ धरणार नाही, दोन वेगळ्या रोपांचे हवेत. म्हणून रोप घेताना ते जांभळं की पिवळं, बियांचं की कलमाचं, हे रोपवाटिकेत विचारून पावतीवर लिहून घ्या, आणि मांडवाच्या आसपासचं जुनं, वाळकं लाकूड भुंग्यांच्या घरट्यांसाठी तसंच राहू द्या.